पहिलं पाणी

प्रिय ओपल,

तुझं पत्र मिळालं आणि सोबत माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीला लावलेल्या नव्या पडद्यांचा फोटोही. पडदे छान आहेत. पण धाकट्या बहिणीला विचारायच्या आधीच पडदे शिवून मोकळी होणारी थोरली जगात तू एकटीच असशील. थँक्सगिव्हिंगच्या आत तुला उत्तर हवंय, मी इथे इंडियानात मुलाकडेच राहणार की मिसूरीला तुझ्याजवळ, आपल्या तळ्याकाठी परत येणार. ‘नडीन, तिथे तुला कुत्रं विचारत नाही,’ असं तू लिहिलंस. वाचून रागच आला, कारण ते खोटं नव्हतं. ड्वेन आणि सूनबाई मर्सी माझं सगळं प्रेमानं करतात. पण दोघं कामाला गेली, की या गावात मी ड्वेनची आई, बाकी कोणी नाही. उत्तर देतेच तुला, पण आधी शनिवारची सकाळ ऐक.

गावामागून, धान्याच्या कोठारांना वळसा घालून एक नदी जाते. रुंदी इतकीच की तुझा नवरा रसेल सहज पलीकडे दगड फेकेल. माझा वेंडेल गेल्यावर इथे आले तेव्हापासून तिच्या पुलावरून मी शंभरदा गेले असेन, पण खाली वाकून पाहिलं नाही. तळ्यावर वाढलेल्या बाईला असलं पाणी म्हणजे ओढाच. शुक्रवारी सहज आमिषं विकणाऱ्या दुकानात शिरले. मालक फ्लॉइड काउंटरवर पोट टेकवून उभा, आणि बाकावर त्याचे दोन म्हातारे सोबती. मी विचारलं, पुलाखाली बास मासे आहेत का हो? “त्या नदीत? छे! तिथं गळाला जुनी टायरं लागतील, बाई. मासे हवेत तर धरणावर जा.” म्हाताऱ्यांनीही लगेच माना डोलावल्या. आणि ओपल, तिघांच्याही बुटांवर नदीचा ओला चिखल! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आपले बाबा माशांची जागा लपवायला परक्या माणसाला अगदी अशाच गंभीर चेहऱ्यानं थापा मारायचे, आठवतं ना? त्या तिघांनी खुशाल जागा दाखवली असती, तर मी तिथे फिरकलेही नसते.

उजाडता उजाडता निघाले तर ड्वेन दारात उभा. “आई, पाय घसरला म्हणजे?” मी म्हटलं, “घसरला तर भिजेन. विरघळायला मी काय मिठाची आहे?” मोठ्या तोऱ्यात गेले खरी, पण सुरुवातीलाच माती खाल्ली. हात तळ्याच्या सवयीचा. गळाची जाड काठी, तंगुसाचा जाड दोर, मुठीएवढं आमिष, आणि दिलं लांबवर भिरकावून. धपकन असा आवाज झाला, की गुडघाभर पाण्यातले मासे बहुतेक पुढच्या जिल्ह्यात पळाले. मग गप दगडावर बसले, थर्मासातली कॉफी घेतली आणि नुसतं पाणी पाहत राहिले. एका मोठ्या खडकामागे धार मऊ होत होती. कडेच्या दगडांखालून चिमुकले झिंगे मागे मागे सरकत होते. मी डब्यातला सगळ्यात लहान रबरी झिंगा काढला, बारीक तंगूस लावलं आणि पाण्यात उतरून खडकाच्या वरच्या अंगाला हलकेच सोडलं.

इथे तुला एक सांगायचंय, जे मी वेंडेलला कधी सांगितलं नाही. बोटीत तो पुढे उभा असायचा, बोट सरकवणाऱ्या छोट्या मोटारीवर पाय ठेवून, आणि मी मागे. म्हणजे संसारभर माझा गळ त्यानं आधी चाळून घेतलेल्या पाण्यात पडला. तो वाईट नव्हता गं. “मागे लागलं का काही, नडीन?” असं दर वेळी मायेनं विचारायचा. जागा मागावी हे मला सुचलं नाही आणि द्यावी हे त्याला. शनिवारी माझ्यापुढे कोणीच नव्हतं. वेंडेलची फार आठवण आली, रडूही आलं, आणि तरी ते कोरं पाणी मला इतकं गोड वाटलं की काय सांगू! तेवढ्यात दोर आडवा पळाला. तपकिरी बास, आपल्या तळ्यातल्या हिरव्यापेक्षा दुप्पट खाष्ट. दोनदा हवेत उडाला, एकदा माझ्या पायांमधून गेला, मी मोठमोठ्यानं त्याला शिव्या घालत होते. शेवटी खालच्या ओठात अंगठा घालून त्याला उचललं. फोटो काढायला कोणी नव्हतं. मासा मोठा दिसावा म्हणून हात लांब करायचीही सोय नाही! पोटभर पाहिला आणि पाण्यात सोडला.

परत आले तर पुलापाशी फ्लॉइड गाडीतून उतरत होता. “काय बाई, लागलं काही?” मी तोंड पाडून म्हटलं, “कसलं काय! दोन आमिषं दगडांत गेली. तुमचंच खरं.” त्यानं माझ्या ओल्या बाह्या पाहिल्या, माशाच्या दातांनी खरवडलेला अंगठा पाहिला आणि टोपी मागे सारली. “अरेरे. मग पुढच्या शनिवारी पुलाच्या वरच्या अंगाला मुळीच जाऊ नका. तिथं तर याहूनही काही नाही.” ओपल, या गावात माझ्याशी इतक्या आपुलकीनं कोणी बोललं नव्हतं.

तेव्हा मी येत नाही. ती खोली रसेलच्या बहिणीला दे, नाहीतर तुझ्या शिवणकामाला घे, आणि माझ्यावर रुसू नकोस. हे तुला फोनवरही सांगता आलं असतं. पण घरात ड्वेन ऐकतो, आणि ड्वेनच्या पोटात काही राहत नाही. नदीचं नाव मी तुलाही लिहिलेलं नाही, कारण रसेलच्या पोटातही राहत नाही. इथे मला आता सगळ्यांशी खोटंच बोलायचंय, जन्मभर, आनंदानं. पण कोणाला तरी एकदा खरं सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, आणि असं माणूस मला तूच आहेस. ओपल, तो मासा माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत होता. आणि मी एकटीनं धरला.

तुझीच, आणि आता इथलीही,
नडीन