नूडल्स येईपर्यंत गप्प

शनिवार, २ मार्च. सकाळ.

जगातल्या तमाम नवरेबंधूंनो! आपल्या बायका चर्चेची एकही फेरी न होऊ देता, आगाऊ नोटीस न देता, थेट भावाकडे निघून जातात आणि मागे आपण उरतो, खरकट्या भांड्यांसकट. हा अन्याय कुठवर सहन करायचा?

(ही वही दुसरं कुणी वाचणार नाही. पण समोर सभा आहे असं धरल्याशिवाय मला वाक्यच सुचत नाही.)

वस्तुस्थिती: बायको सोमवारपासून धाकट्या भावाकडे आहे. जाताना म्हणाली की या घरात मला बोलायला वावच नाही. धादांत खोटं. इतकी वर्षं युनियनचा अध्यक्ष आहे, कुणालाही बोलायची मनाई केलेली नाही. हात वर करायचा. अध्यक्ष बघतात. वेळ उरला तर देतात. तिनं एकदाही हात वर केला नाही.

निर्णय: उद्या दुपारी मेहुण्याला कोपऱ्यावरच्या चायनीजमध्ये जेवायला न्यायचं. आधी मध्यस्थ जिंकायचा. इतिहासातले सगळे मोठे तह असेच झाले. वाचलेत मी.

रविवार, ३ मार्च. दुपारी चार.

दणदणीत यश.

गोल टेबल, त्यावर फिरणारी काच, काचेवर सगळे पदार्थ. मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो. बोलणं कमी, भूक दांडगी. सूप आल्याबरोबर मी सुरुवात केली. पिण्याला नव्हे, बोलण्याला. विवाहसंस्थेचा उगम, तिची वाटचाल, तिच्यापुढची आव्हानं. तो एकसारखी मान हलवत होता. मध्येच म्हणाला, भावोजी, काचेवरचा हात काढा, चिली चिकन तुमच्याकडे अडकलंय. पाहतो तर खरंच. मुद्दा ठासण्याच्या भरात मी काच घट्ट धरून ठेवली होती. हात काढला. चिकन त्याच्याकडे गेलं ते परत आलं नाही.

शेवटी म्हणाला, भावोजी, तुमची लिफ्ट मधल्या मजल्यांवर थांबतच नाही हो. माणसं बटण दाबून दाबून कंटाळतात आणि जिन्यानं जातात. त्याच्या धंद्यातली दाद. माझं वक्तृत्व थेट वरच्या मजल्यावर जातं, असं त्याला म्हणायचं होतं.

फलित: मेहुणा म्हणाला, ताई पुढच्या रविवारी याच चायनीजमध्ये जेवायला येईल. अट एकच. नूडल्स येईपर्यंत मी तोंड उघडायचं नाही. तिला एक गोष्ट सांगायची आहे. ती तिनं सांगायची, मी ऐकायची. मी विचारलं, घरी येणार की नाही, तेच ना? तो म्हणाला, तेच. पण तिच्या तोंडून ऐका.

सूप ते नूडल्स! एवढंच? ऑफिसच्या गेटसमोर उन्हात उभा राहून मी याहून कठीण गोष्टी केल्यात.

मंगळवार, ५ मार्च.

सराव सुरू. ऑफिसात दुपारपर्यंत मौन.

नेमकं आजच साहेबांनी सर्क्युलर काढलं. जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं उद्यापासून बंद. सगळा मजला माझ्याकडे बघत राहिला. मी गप्प. खजिनदार कानाशी येऊन म्हणाला, काय अध्यक्ष, नवी स्ट्रॅटेजी का? मी गूढपणे मान हलवली. साहेबांना घाम फुटेल असं वाटलं होतं. ते उलट थँक्यू म्हणाले, माझा खांदा थोपटला आणि गेले.

चहाच्या वेळी जिन्यात सभा घेतली. विषय: मौनाची ताकद. यानं मौन मोडत नाही. मौनाविषयी बोलणं ही वेगळी गोष्ट.

पंधरा मिनिटं मात्र गेली.

गुरुवार, ७ मार्च.

घरी सराव. कुकरच्या पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत. दुसरी शिट्टी अगदी माझ्या मनातल्या वाक्याच्या मध्ये झाली, तेव्हा मी कुकरला म्हणालो की आधी माझं पूर्ण होऊ दे. हे धरायचं नाही.

घर फार शांत आहे. म्हणूनच बोलावं लागतं. ती असताना मी एवढा बोलत नव्हतो, याची मला खात्री आहे. विचारायला कोणी नाही.

शनिवार, ९ मार्च.

शंभर टक्के तयारी. भाषण तयार केलेलं नाही, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. फक्त नूडल्स आल्यानंतरचं दोन शब्दांचं आभारप्रदर्शन लिहिलं. आभारांना पार्श्वभूमी लागते, म्हणून छोटं प्रास्ताविक. प्रास्ताविकात मुद्दे निघाले. मुद्द्यांना उदाहरणं. कागद घरीच ठेवणार आहे. पाठ झालंय.

चादर बदलली. तिची उशी उन्हात टाकली. उद्या ती येतेच आहे, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही.

रविवार, १० मार्च. संध्याकाळ.

घटना जशा घडल्या तशा लिहितो.

ती आली. भावाशेजारी बसली. केस बरेच आखूड केलेत. मी एक शब्द बोललो नाही! ऑर्डर तिनं दिली, मी मेनूवर नुसतं बोट ठेवलं. वेटरनं तिला विचारलं, साहेबांचा घसा बसलाय का? तिला खुदकन हसू आलं. मेहुणा म्हणाला, ताई, बघ, पाळतायत. ती म्हणाली, बघतेय ना, मला तर खरंच वाटत नाहीये.

सूप आलं. मी काच फिरवून व्हिनेगर तिच्यापुढे आणलं. काचेवरून हातही काढला.

तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, अहो, मी खूप विचार केला. इतकी वर्षं मी कधी मनातलं धड बोललेच नाही, बोलायला हवं होतं, आणि आता मी ठरवलंय की

इथे मी अनुमोदन दिलं.

विरोध नव्हे. अनुमोदन! ठरावाला अनुमोदन देणं म्हणजे भाषण, असं कुठल्याही संघटनेच्या घटनेत लिहिलेलं नाही. पण अनुमोदकाला चार शब्द बोलावेच लागतात. उभा राहिलो. म्हणालो, हजारो वर्षं या जगानं बाईचं वाक्य अर्ध्यावर तोडलं! आज एक बाई म्हणते की मी ठरवलंय, आणि आपण सूप पीत बसायचं? म्हणालो, बाई गं, जिथं तुझं वाक्य पुरं होऊ देत नाहीत, त्या घरात एक दिवससुद्धा राहू नकोस! ऊठ आणि चालू लाग!

शेजारच्या टेबलावर टाळ्या पडल्या. एका आजींनी पेपर नॅपकिननं डोळे टिपले. वेटर नूडल्स घेऊन माझ्या मागे ताटकळला होता, कारण माझे दोन्ही हात पसरलेले.

बसलो. तिला म्हणालो, हं, बोल, काय ठरवलंयस?

ती म्हणाली, काही नाही. तुम्ही छान बोललात.

छान बोललात! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा! मग तिनं स्वतःच्या नूडल्स पॅक करून घेतल्या आणि निघाली. आभारप्रदर्शन राहिलं. मेहुण्यानं आपलं संपवलं, मग माझं संपवलं. पूर्ण वेळ खाली मान घालून.

सोमवार, ११ मार्च.

शांतपणे विचार केला. बाजू भक्कम आहे. तिच्या ठरावाला माझा बिनशर्त पाठिंबा आहे, हे तिनं चारचौघांत ऐकलं. कोणती बायको यानंतर दूर राहील? दोन दिवसांत घरी.

दूध जास्त घेतलं.

बुधवार, १३ मार्च.

दूध नासलं.

शनिवार, १६ मार्च. दुपार.

मेहुणा टेंपो घेऊन आला. ताईचं शिलाई मशीन आणि कपाटातले कपडे न्यायचे म्हणाला.

मी विचारलं, त्या दिवशी ती नक्की काय सांगणार होती?

आधी म्हणाला, जाऊ द्या. मग म्हणाला, घरी येते म्हणून सांगणार होती. सामान भरून माझ्या गाडीत ठेवलं होतं. जेवण झालं की तुमच्याबरोबर यायचं, असं ठरवून आली होती ती.

मी म्हणालो, मग मी अनुमोदनच दिलं की! ठराव एकमतानं मंजूर झाला! अंमलबजावणी का नाही?

तो मशीनचं एक टोक धरून वाकला होता. तसाच म्हणाला, भावोजी, तुमचं भाषण तिला पटलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, हे म्हणतात ते अगदी खरं आहे रे. खोली घेतलीय तिनं. दुसरं टोक धरा जरा, मला एकट्याला जड जातंय.

धरलं.

गेटवर बोललो, हॉलमध्ये बोललो, जिन्यात बोललो. टाळ्या पुष्कळ मिळाल्या. पण माझं ऐकून घरी जाऊन तसं वागलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नव्हतं. हे पहिलं.

जिना उतरताना मेहुणा म्हणाला, सावकाश, भिंतीला लागेल. मी काही बोललो नाही. टेंपोत मशीन चढवलं, दोरी बांधली, तो गेला. तरीही मी काही बोललो नाही. हे पाहायला ती तिथे नव्हती, म्हणून नोंद इथे.

बाई गं, त्या भाषणातलं एक अक्षरही मानू नकोस. घरी ये.