उजव्या खांद्यावरची थाप

६ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. गुडघा कुरकुरतोय म्हणतेस, तर तू त्याचं ऐकू नकोस. तो तरी तुझं कुठे ऐकतो.

आता बातमी. मी मोटरसायकल घेतली. हसू नकोस. चिमीच्या जन्माआधी विकली तसलीच जुनी, फक्त रंग वेगळा. एक गिऱ्हाईक पंपाची मोटर वाइंडिंगला टाकायला आलं आणि बोलता बोलता म्हणालं की गाडी अंगणात गंजत पडलीय. चिमी शिकायला बाहेर गेल्यापासून घर खायला उठतं. दुकानातून आलो की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसतो, तेही किती बघणार. पहिल्या दिवशी क्लच सोडला तर गाडीने अशी उडी मारली की शेजारचे काका कुंपणाआड गेले. पण अंग विसरत नाही गं.

दुसऱ्या रविवारी तुझी भावजय मागे बसली आणि चौक येताच तिने माझ्या उजव्या खांद्यावर थाप मारली. तुला आठवत असेल. जुन्या गाडीचा आरसा फुटला होता, नवा बसवायचा मला कंटाळा, म्हणून उजवीकडचं सगळं ती बघायची. रस्ता मोकळा असला की एक थाप. थाप नाही तर थांबायचं. आता दोन्ही आरसे धड आहेत, तरी आमचं चालूच आहे.

बाकी मजेत. दुकानाच्या दाराला आपटून आपटून खांदा काळानिळा झालाय. दार अरुंद की मी रुंद हे तूच येऊन ठरव. ताटाशेजारचा पेला काल परत सांडला आणि बोलणी खाल्ली. दाजींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, कमी करू नकोस.

तुझा,
टिल्लू

१७ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

गाडीचं वाचून तुझे दाजी पोट धरून हसले. पन्नाशीत माणूस एकतर गुरू करतो नाहीतर गाडी घेतो, त्यातल्या त्यात गाडी बरी, असं त्यांचं मत. मला हसू आलं नाही. तुझं पत्र वाचताना मी त्या दारापाशीच अडकले.

बाबा शेवटी शेवटी कसे चालायचे ते आठव. पेपर खडखडीत वाचायचे आणि चौकटीला खांदा घासायचे. पेला सांडायचा तो नेहमी कडेचा. आपण त्यांना वेंधळे म्हणायचो. काचबिंदू आहे हे कळलं तोवर बाजूचं सगळं दिसेनासं झालं होतं, आणि त्यात गेलेलं परत येत नाही. तू तेव्हा बाहेरगावी होतास, त्यांना हाताला धरून मी चालवलंय. माझ्याही डोळ्यांत दोन वर्षांपासून थेंब चालू आहेत. तू लगेच डोळे तपासून ये. केसासारखी तांब्याची तार दिसते हे मला ऐकवू नकोस, समोरचं शेवटपर्यंत दिसतं.

काय झालं ते खरं खरं कळव. बायकोला आशीर्वाद. रागावले असले तरी जीव तुझ्यातच आहे.

ताई

३ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझंच खरं निघालं. एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं असतं. मी बराच वेळ वाट बघत बसलो. मला वाटलं, यंत्र बंद पडलंय.

उजवीकडचं जवळजवळ संपलंय, डावीकडे थोडं आहे. थेंब दिलेत. गाडी चालवायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय.

ताई, हिला मी बोललो नाही. इतकी वर्षं हिने संसार ओढला, कधी स्वतःसाठी म्हणून घराबाहेर पडली नाही. आता रविवारी सकाळी माझ्याआधी तयार होऊन गाडीपाशी उभी असते. मागे बसून गुणगुणते, आणि मी ऐकतोय हे कळलं की गप्प होते. हे बंद करायचं माझ्या जिवावर येतंय. एवढा उन्हाळा जाऊ दे. फक्त रविवारी, रिकाम्या रस्त्याने, हळू. उजवीकडचं ती बघतेच आहे, तिची थाप पडल्याशिवाय मी हलत नाही. एकटा असताना किल्लीला हातही लावत नाही. तू हिला लिहू नकोस, एवढं माझं ऐक. कधी काही मागत नाही तुझ्याकडे.

टिल्लू

११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
आशीर्वाद.

कधी काही मागत नाहीस हे वाचून मात्र हसले. लहानपणी गुडघे फोडून यायचास आणि आईला सांगू नको म्हणायचास. मी जखमा धुऊन गप्प बसायचे. तीच सवय तुला लागली आणि मलाही.

मला हे अजिबात पटलेलं नाही. पण गाडीपाशी उभ्या असलेल्या बायकोचं तुझं वाक्य वाचलं आणि पेन पुढे सरकेना. उन्हाळा वगैरे काही नाही. मार्चअखेर चिमी सुटीत घरी येतेय ना, त्याच दिवशी मायलेकींना समोर बसवून सगळं सांग आणि गाडी विकून टाक. नाही सांगितलंस तर मी सांगेन. तोवर बायको मागे नसेल तर गाडी जागची हलता कामा नये. माझी शपथ आहे.

जपून राहा. माझं तुझ्याशिवाय माहेर उरलेलं नाही.

ताई

१४ एप्रिल

ति. ताईंना,
सा. न.

तुम्ही इथे होतात तेव्हा बोलले नाही. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि मला तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

चिमी रात्री उशिरा आली. सकाळी उठल्या उठल्या बाबांच्या मागे लागली की मला गाडीवरून फिरवा. हे नाही म्हणाले. परत नाही म्हणाले. मला आश्चर्य वाटलं. मीच म्हटलं की लेक हौसेने मागतेय तर एक चक्कर मारून आणा, मी तोवर चहा टाकते. हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग हेल्मेट घेऊन बाहेर गेले.

मोठ्या चौकात हे थांबले होते. उजवीकडून टेंपो येत होता, तो चिमीने पाहिला होता. बाबा थांबलेत म्हणजे त्यांनाही दिसला असणार, असं ती धरून चालली. समोर तिची शाळा. नवा रंग दिलेला. बाबांना दाखवावी म्हणून तिने त्यांच्या उजव्या खांद्यावर हात मारला. यांनी गाडी पुढे काढली.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आले तेव्हा यांनी मला डोळ्यांचं सांगितलं. तुम्हाला माहीत होतं हेही सांगितलं, आणि ताईला बोल लावू नकोस म्हणाले. पहाटे हे गेले.

मी बोल लावत नाही. पण मला कळलं असतं तर मी मुलीला त्या गाडीवर बसवलं नसतं, हे एकदा तुम्हाला लिहायचं होतं. माझी करमणूक बुडू नये म्हणून तुम्ही बहीणभाऊ गप्प बसलात. मला कुणी विचारलं नाही.

आता चिमीचं. मनगटाचं प्लास्टर पुढच्या महिन्यात निघेल, पण ती जेवत नाही, कॉलेजला परत जायचं नाव काढत नाही. आपण दचकवलं म्हणून बाबांचा हात सुटला असं तिने मनाशी धरलंय. खांद्यावरच्या थापेचा अर्थ तिला ठाऊक नाही, कारण ती जन्मायच्या आधीच आम्ही गाडी विकली होती. तो तिला कधीही कळायचा नाही. मी मरेपर्यंत सांगणार नाही आणि तुम्हीही सांगायचा नाही. बाबांना उजवीकडचं दिसत नव्हतं, एवढंच तिला मी सांगितलं. तिला वाटतं आई समजूत घालतेय, नाहीतर आईला आधीच माहीत नसतं का.

म्हणून तुम्ही या. आजोबांचं सांगा, तुमच्या डोळ्यांतल्या थेंबांचं सांगा, यांनी तुम्हाला काय काय लिहिलं होतं ते सांगा. तुमच्यावर तिचा विश्वास बसेल. ऐकून ती तुमच्यावर चिडेल, कदाचित तुमच्याशी बोलणंही सोडेल. चिडू दे. तेवढं तुम्ही सोसा.

तुमच्या-माझ्यात पुढे काय उरेल ते मला आज माहीत नाही. म्हणून लोभाचं काही लिहीत नाही. मिळेल त्या गाडीने निघा.

तुमची भावजय