नारिनला लागलेला तुझा सिनेमा

प्रिय मीरिम,

त्या डोंगरात तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र सोन-कुलकडे निघालेल्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. अक्षर बघून हसू नकोस. शाळेत मी मागच्या बाकावर असायचो, आणि बऱ्याचदा त्या बाकावरही नसायचो.

तर, सिनेमा लागला! हार्डडिस्क मी टोपीखाली, डोक्यावर ठेवून आणली. वाटेत बालिक्चीला धुरावलेले मासे दिसले म्हणून उतरलो, तेवढ्यात गाडी सुटली. बॅग गेली, पण सिनेमा डोक्यावरच होता. मासे बरे होते, जरा खारट. असो. इथल्या थिएटरचे मालक एसेन बायके, साऱ्या गावाचे थोरले भाऊ, सूर्यफुलाच्या बिया फोडत बसले होते. "हिरो लढतो कुणाशी?" मी म्हटलं, "चुलीशी." "जिंकतं कोण?" "ते बघावं लागेल, बायके." "म्हणजे चूल," ते म्हणाले, आणि सकाळी दहाचा खेळ दिला. अट एकच. रविवारी अर्ध्या हॉलची तिकिटं गेली तर दुसरा आठवडा, नाहीतर सोमवारपासून बोलणाऱ्या अस्वलांचं कार्टून. आणि नारिनला दुसरा आठवडा मिळाला नाही तर ओश-काराकोलची थिएटरं आपल्याला दारातही उभं करणार नाहीत, हे तूच सांगितलंस.

मंगळवारी प्रेक्षक म्हणून मी एकटा. बुधवारी मी आणि झोपायला आलेला एक गृहस्थ. उठल्यावर म्हणाला, "छान आहे, आवाज कमी आहे." गुरुवारी मी सोनुन मावशीकडे गेलो. तिला कळलं की गावाला कळतं. ती म्हणाली, "हा सिनेमा काढणारी पोरगी आपल्यातली कोण? कुणीच नाही? मग आम्ही कशाला बघायचं रे?" मी तिला एक उत्तर दिलं. काय ते शेवटी सांगतो, आधी पुढचं ऐक.

आज शुक्रवार. सकाळी थिएटरपुढे ही गर्दी! पण खिडकीकडे कुणी वळेचना, सगळे सरळ आत. हातात तळलेल्या बोरसोकची ताटं, वाळवलेल्या दह्याचे कुरुत, लोकरीचे मोजे, एकाच्या काखेत जिवंत कोंबडी. बायके दारात आडवे झाले, "तिकीट?" मावशी म्हणाली, "पहिल्यांदा बघायला आलोय, कोरुमदुक आणलंय, तोंड बघायची भेट. कुणाचं बाळ बघायला जाताना तू तिकीट काढतोस का रे, एसेन?" हॉल गच्च भरला आणि विकलेली तिकिटं शून्य. बायके कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो आपा, तिकिटं मोजणाऱ्या बिश्केकच्या मशीनला कोंबडी दिसत नाही!"

आणि तुझी ती अकरा मिनिटं, म्हातारा चूल पेटवतो ती, जी काप म्हणून सगळे तुझ्या मागे लागले होते? मीरिम, लोक पडद्याशी भांडले! "धुराची नळी उलटी लावलीय, बाबा!" "आधी राख काढ की!" "याला बायको नाही का?" शेवटी "अरे, झाकण उघड, झाकण!" असं कुणीतरी मागून ओरडलं. वळून पाहिलं तर बायके. जाळ धरला तसा अख्खा हॉल उभा राहिला. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात पसरून त्या चुलीला आशीर्वाद दिला.

खेळ संपल्यावर बायकेंनी सगळ्यांना हात जोडले, "रविवारी परत या, पण तिकीट काढून. नाहीतर अस्वलं आलीच समजा." मावशी म्हणाली, "काढू की, रांगेत उभं राहून काढू. पण जिच्यासाठी हे सगळं आणलं, तिचं तोंड कुठे बघितलं आम्ही? तिला आण, तिलेक, मगच."

आता ते उत्तर. मी मावशीला म्हणालो, की ही मीरिम आपली सून आहे. माझी बायको. झालं ते असं झालं. रविवारी ये. सगळ्यांसमोर "हा थापाड्या आहे" म्हणालीस तरी चालेल. तो तमाशा बघायलाही लोक तिकीट काढतील, खुर्च्या कमी पडतील, आणि सिनेमा टिकेल. पण तसं म्हणाली नाहीस, तर पुढे मी काय बोलायचं ते तूच लिहून आण. पाच वर्षं जुळवतोय, एक वाक्य धड होत नाही.

तुझाच, सध्या फक्त नारिनपुरता,
तिलेक