पान एक्केचाळीस

१४ जुलै
वार्षिक अहवालाचं चौथं प्रूफ. एकशे बारा पानं! डोळे चुरचुरतायत. तीन वर्षं सांगतेय – फक्त कंपनीच्या वेबसाइटवर टाका, कागद वाचेल. अप्पाराव साहेब ऐकत नाहीत. चेअरमन ना ते! ‘सरिताबाई, बँकेच्या माणसासमोर काय मोबाईल धरू? जाड पुस्तक ठेवलं की तो चहा सांगतो.’
मागच्या वर्षी आठशे भागधारकांना लिंक पाठवली. उघडली तेवीस जणांनी. बोलणार काय?

२ ऑगस्ट
सुरक्षेचं पान राहिलं होतं, ते लिहिलं. जानेवारीत प्रेस मशीनवर कचरू दाभाडे गेला. पिशोरचा, ठेकेदाराकडचा. एकच ओळ – नाव, तारीख, अपघाती मृत्यू. वाटलं, काढतील. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग सही केली.

२५ ऑगस्ट
पुस्तकं पोस्टात गेली. वेबवरही चढवला, माझ्या समाधानासाठी. सुटले.

३ सप्टेंबर
गेटवर मुक्ताबाई. कचरूची बायको.
‘ठेकेदार म्हणतो, तुजा नवरा त्या दिवशी कामावर नव्हताच. कोर्टात काय दाखवू? कुठं लिवलंय का, ताई?’
‘लिहिलंय की!’ मोबाईल काढला. पान एक्केचाळीस.
ओळ नाही. ‘प्राणघातक अपघात – शून्य.’
वर-खाली करत राहिले. ती बघत होती माझ्या तोंडाकडं. म्हटलं, रेंज नाहीये. खोटं बोलले.

४ सप्टेंबर
शिवराज अकाउंट्समधला, वेबसाइट तोच बघतो. म्हणाला, ‘कंपनीच्या वकिलानं सांगितलं, बदललं. दोन मिनिटांचं काम. छापलेलं कोण वाचतंय, यार?’
दुपारी साहेबांनी बोलावलं. लई गोड बोलले. ‘तुमचंच खरं, सरिताबाई. पुढच्या वर्षीपासून छपाई बंद. सगळं वेबवर.’
तीन वर्षं हेच ऐकायचं होतं. ‘बरं’ म्हटलं. टेबलावरची छापील प्रत पिशवीत घातली.

६ सप्टेंबर
रजा टाकली. बसनं पिशोर. छापील प्रत मुक्ताबाईंना दिली. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, ‘त्येंचं नाव कोणतं, ते दाखवा.’ दाखवलं. त्या ओळीवर हात ठेवून बसल्या.

९ सप्टेंबर
मुक्ताबाईंच्या वकिलानं फोनवर विचारलं, ‘ही ओळ लिहिली कोणी? साक्षीला येईल?’
मी माझं नाव सांगितलं.