ताट झाकून ठेव

बाबा, मी तुमच्यावर वैतागले आहे. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी तुमचं निस्तरायला मीच.

तुमचं आठवडाभर कारखान्यात लेथ, शनिवारी लोणावळ्याच्या हॉटेलात गिटार आणि इंग्रजी कंट्री गाणी, भीमजयंतीला वस्तीच्या स्टेजवर त्याच चालींत मराठी. सगळी तुम्हीच रचलेली. एकच कॅसेट निघाली, तीही निम्मी नातेवाइकांनी फुकट नेली. तिच्यातलं आईचं लाडकं गाणं हे. मराठी कडव्यात तुम्ही म्हणता, ताट झाकून ठेव, मी निघालोच आहे. आई दर शनिवारी खरंच झाकून ठेवायची. दुसरं कडवं इंग्रजी. त्यातही तेच म्हटलंय, असं तुम्ही तिला सांगितलं होतंत. नववीत मी डिक्शनरी घेऊन बसले. तिथे तुम्ही म्हणता, ताट झाकू नकोस, घर दिसलं की माझे पाय मागे वळतात. मी त्या जागी मराठी कडव्याचा नीट इंग्रजी अनुवाद करून आणला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात गिटारच्या तारा पुसता आहात. वरही न बघता म्हणता, “बाईसाहेब, गाणं म्हणजे गृहपाठ नव्हे. दुरुस्त करायचं नसतं.” आई पोळी लाटता लाटता विचारते, “काय चुकलं हिचं?” तुम्ही म्हणता, “काही नाही.” आणि मी गप्प बसते. तेव्हाच बोलायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता आई सिंगापूरला, जुरोंग ईस्टला माझ्याकडे असते. इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमासाठी मी फक्त मराठी कडवं बसवलं होतं. आई म्हणाली, “अर्धंच का? ह्यांनी दोन भाषांत वचन दिलंय मला. दोन्ही म्हण. मी पुढच्या रांगेत बसणार.” म्हणजे अख्ख्या हॉलला इंग्रजी कळणार, फक्त तिला नाही. लोक तिच्याकडे बघणार, आणि ती कौतुकाने हसत असणार. हे मी कसं होऊ देऊ? आणि खोटं तरी कसं गाऊ? कोथिंबीर आणायची राहिली, तरी मी डायरीत खरं कारण लिहिते!

शेवटी चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसातून घरी येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माझं नववीतलंच इंग्रजी कडवं आठवून पुन्हा लिहिलं आणि शनिवारी तेच गायले. आईने डोळे पुसले. बाहेर पडताना कॅसेट ऐकून वाढलेली माझी लेक म्हणाली, “ममा, दॅट्स नॉट आजोबाज वन. हिज वन इज नायसर लाह.”

“काय म्हणते गं?” आईने विचारलं.

“छान झालं म्हणते.”

अगदी तुमच्यासारखं जमलं मला. हे आईला वाचून दाखवता येणार नाही, म्हणून वहीतच राहील. आणि एक, वहीपुरतंच. लेक म्हणते ते खरं आहे, तुमचंच कडवं चांगलं आहे. परवा ऑफिसातून येताना मी ते गुणगुणत होते. जुरोंग ईस्ट आलं. दार उघडलं, मिटलं. मी उतरले नाही. शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत आले, तेव्हा आईने ताट झाकून ठेवलं होतं.