रुजू झाल्याची नोंद

सर,

तुम्हाला नोकरी लागली होती. रोह्याच्या एका कंपनीत, टंकलेखक म्हणून. सरकारी रजिस्टरात तसं लिहिलं आहे, निळ्या शाईत, तुमच्या नावासमोर शेवटच्या रकान्यात: रुजू. खाली शिक्का आणि कोणाची तरी वळणदार सही. ते पान मी उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "काय झालं हो, झुरळ आलं का?" मी म्हटलं, हो.

मी कुठे काम करते हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून परीक्षांचे अर्जच भरत होते. आता अलिबागला जिल्ह्याच्या कार्यालयात सांख्यिकी सहायक आहे. अपंगांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या विभागाचे तक्ते करणं हे माझं काम. किती जणांनी नाव नोंदवलं, किती जणांना मुलाखतीला बोलावलं, किती जण कामाला लागले. अपंग हा शब्द आता आम्ही लिहीत नाही, दिव्यांग लिहितो. शब्द बदलला तेव्हा पाट्या नवीन आल्या, शिक्के नवीन आले, आणि त्याच खुर्च्यांवर बसून आम्ही तेच काम करत राहिलो. जुनी रजिस्टरं संगणकावर चढवायची म्हणून मध्यंतरी कपाटावरचे गठ्ठे खाली काढले. पेणचा गठ्ठा माझ्या वाट्याला आला. त्यात तुम्ही निघालात.

तुमचा टायपिंगचा क्लास पेणला पोह्यांच्या गिरणीच्या वर होता. खाली गिरणी सुरू झाली की जमीन हादरायची आणि मशिनींच्या घंट्या आपोआप किणकिणायच्या. सहा मशिनी, त्यातल्या दोन मराठी, आणि सातवी तुमची स्वतःची, जिला कोणी हात लावायचा नाही. डावा हात मनगटापासून नव्हता. एकोणिसाव्या वर्षी भाताच्या गिरणीच्या पट्ट्यात गेला, एवढंच तुम्ही सांगितलंत आणि तेही कोणी विचारलं म्हणून. तुम्ही सुताराकडून लाकडाची एक पट्टी करून घेतली होती. ती मशीनच्या शिफ्टच्या खटक्यावर बसवलेली असायची, डाव्या हाताच्या उरल्या टोकाने ती दाबायची आणि उजव्या हाताच्या पाच बोटांनी सगळं पान छापायचं. आमची दहा बोटं तुमच्या पाचांच्या मागे पडायची. एकदा तुम्ही मला एक जुनी यादी उतरवायला दिलीत. तिच्यातली बेरीज चुकलेली होती. मी हुशारी केली, बेरीज दुरुस्त करून छापली. तुम्ही कागद मशीनमधून ओढून काढलात. "हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, सर, मूळ कागदातच चूक हाय. "मंग चूकच छाप. शेजारी पेन्सिलीने खूण कर नि मला येऊन विचार. तुला बरं वाटतं म्हणून आकडा बदलायचा नाय. आज बेरीज बदललीस, उद्या माणसं बदलशील." सगळा क्लास बघत होता. मी रडले. तेव्हा मला तुमचा फार राग आला होता.

रोह्याला तुमच्याबरोबर मी आले होते, ते आठवतं ना? तुम्हाला सेवायोजन कार्यालयाचं पत्र आलं होतं, अपंग उमेदवारांची मुलाखत, मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. तुम्ही स्वतःची मशीन न्यायची ठरवलीत, कारण दुसऱ्या मशीनला ती पट्टी नसणार. एका हाताने मशीन उचलून एसटीत चढणं होणार नाही म्हणून माझ्या वडिलांना विचारून मला बरोबर घेतलंत. मी अठरा वर्षांची आहे, नवीन पंजाबी ड्रेस घातला आहे, मशीन आपल्या दोघांच्या मांड्यांवर आडवी ठेवली आहे आणि गडबचा नाका आला तेव्हा कंडक्टर मशीनकडे बोट करून म्हणतो, "मास्तर, हिचं पण हाफ तिकीट काढू काय?" तुम्ही हसलात. तुम्ही त्या दिवशी खूप हसत होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डाव्या बाहीचं टोक आत दुमडून पिन लावलेली.

कंपनीच्या आवारात मांडव घातला होता. खुर्च्या, हार, फलक, आणि एका बाजूला तुमच्यासारखे दहाबारा जण. कुबड्यांवरचे, काळा चष्मा लावलेले, एक मुकी मुलगी आईच्या पदराला धरून. आपण मशीन टेबलावर ठेवली. कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला, "हे काय आणलंय?" तुम्ही सांगितलंत, टाईप करून दाखवतो. तो म्हणाला, "त्याची गरज नाय. ते खाली ठेवा, फोटोत मध्ये येतंय." मग तुम्हाला साहेबाच्या शेजारी उभं केलं. हातात गुलाबाची फुलं दिली. तुमचा चष्मा चमकतो म्हणून काढायला लावला. फोटोवाल्याने एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, बाही वर करा जरा. दिसत नाय."

तुम्हाला आधी समजलंच नाही. तुम्ही उजवी बाही वर करू लागलात. "ती नाय हो. दुसरी." साहेब हसऱ्या चेहऱ्याने कॅमेऱ्याकडेच बघत होता. तुम्ही पिन काढलीत, दातांनी. मला वाटलं, आता तुम्ही फुलं टाकून द्याल. तुम्ही बाही वर केलीत.

मग एक कारकून कागद घेऊन आला, हजेरीची सही करा म्हणाला. फुलं तुमच्या काखेत होती, कागद टेबलावरून सरकत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला. तुमचा चष्मा खिशात. तुम्हाला फक्त त्याने बोट ठेवलेली ओळ दिसत होती. मला वरचं शीर्षक दिसत होतं, कारण तोवर मला कुठलाही कागद वरपासून वाचायची सवय तुम्हीच लावली होती. 'नियुक्ती मिळालेल्या उमेदवारांची यादी.' मला आनंद झाला, सर. मला वाटलं, लागली नोकरी, यांनी आधीच ठरवलंय, घरी पत्र येईल तेव्हा सरांना कळेल, आपण कशाला आधी फोडायचं. एसटीत तुम्ही म्हणालात, "कळवतो म्हणाले. टाईप करून बघायला तरी पायजे होतं." मी खिडकीबाहेर बघत गप्प बसले. पत्र आलं नाही तेव्हा मला वाटलं, रद्द झालं असेल. मग ते बोलायची लाज वाटायला लागली. मग क्लास संपला, मी पास झाले, पेढे घेऊन आले, तुम्ही अर्धाच खाल्लात.

त्यानंतर तुम्हाला कधीच मुलाखतीचा कॉल आला नाही. पेणच्याच एका सरकारी कचेरीत टंकलेखकाची जागा निघाली, राखीव, तुमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. कोणीतरी बाहेरगावचा आला. तुम्ही म्हणालात, "नंबर लागला नसेल." क्लासमधली मुलं पाठीमागे म्हणायची की सरांना नोकरीच नको आहे. आता मला कळलं आहे की नंबर लागण्याचा प्रश्नच नव्हता. कामाला लागलेल्या माणसाला पुन्हा कॉल जात नाही, हा नियम आहे. त्या एका सहीने तुमचं नाव यादीतून उडालं होतं. तुम्ही गिरणीच्या वर बसून पोस्टमनची वाट बघत होता आणि आमच्या कागदावर रोज सकाळी रोह्याला कामाला जात होता. वय उलटून गेलं, संगणक आले, मशिनी भंगारात गेल्या, तुम्हीही गेलात, आणि आमच्या कागदावर तुम्ही अजून रुजू आहात.

मला किळस आली. राग म्हणणार नाही. रागात माणूस काहीतरी करतो. ही किळस बोटांना चिकटली होती, हात धुतले तरी जाईना. कारण मी गेली कित्येक वर्षं त्याच रकान्यावरून तक्ते करत होते. रंगीत खांब काढत होते. बैठकीत पडद्यावर तो खांब उंच दिसला की लोक टाळ्या वाजवायचे आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी गेल्या वर्षीची यादी काढली आणि सुट्टी टाकून फिरायला निघाले. खांब गावात एका घरी गेले, तिथला माणूस मुंबईला भावाकडे राहत होता, रोह्याला कधी गेलाच नव्हता. गडबला एक बाई भेटली. तिशीची, पायाला कॅलिपरचा लोखंडी पट्टा, ओट्यावर बसून पापड लाटत होती. कागदावर ती रोह्याच्या कंपनीत पॅकिंगला होती. मी विचारलं, कामावर नाही गेलीस आज?

"कुठल्या कामावर?" ती म्हणाली. "बोलवलेलं एकदा. मांडवात बसवलं, पिशवी दिली, फोटो काढला. साडी जरा वर घे म्हणाला तो फोटोवाला, पट्टा दिसू दे म्हणाला."

"मग?"

"मंग काय, घेतली वर. एवढे साहेब लोक उभे, नाय कसं म्हणणार?" लाटणं थांबलं. "का हो मॅडम, तुमच्याकडे माझं नाव काय लिवलंय?"

मी सांगितलं. ती आत वळून आईला ओरडून म्हणाली, "गो आये, मी कामाला लागलेय म्हणे! म्हणून बोलवत नाय परत. नि तू मला बोलतेस की माझंच नशीब फुटकं!" आई हात पुसत बाहेर आली आणि मला म्हणाली, "चाय घेणार?"

मी टिपणी लिहिली. कोणाकडे गेले, त्यांनी काय सांगितलं, सगळं जसंच्या तसं. आमच्या विभागाचे साहेब संत्रं सोलत होते. वाचून झाल्यावर बिया माझ्याच टिपणीवर ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तक्ते करा. गावोगाव फिरायला तुम्ही तलाठी आहात का?" मी म्हटलं, साहेब, ही माणसं कामावर नाहीत. ते म्हणाले, "मलाही माहीत आहे. पण आकडा खाली आला तर नुकसान कोणाचं? त्यांचंच. वरचे म्हणतील, योजना चालत नाही, बंद करा. मग ह्यांना कोण विचारणार?" ते वाईट माणूस नाहीत हो. त्यांचा स्वतःचा भाऊ ऐकू न येणारा आहे. ह्याचीच मला जास्त शिसारी आली, की ते हे मनापासून म्हणत होते.

बंद झालेली नोंद पुन्हा चालू करणं माझ्या हातातलं आहे. ज्या ज्या घरी मी गेले, त्या सगळ्यांच्या नोंदी मी चालू केल्या, कोणाला न विचारता. गडबच्या बाईला दोन महिन्यांत कॉल आला. ती एकटी गेली, मला येऊ नका म्हणाली. आता रोह्याला एका कंपनीत बाटल्यांना लेबलं लावते, बसून. कंपनीची बस गडबला थांबत नाही म्हणून पुढच्या नाक्यापर्यंत भाऊ सोडतो. मला फोन करते तो फक्त कॅन्टीनच्या भाजीला नावं ठेवायला, आणि ते ऐकायला मला आवडतं. साहेबांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. पण वार्षिक पुस्तिका छापून आली ती जुन्याच आकड्यासकट. मुखपृष्ठावर मांडवातला फोटो आहे, गडबच्याच बाईचा, साडी वर घेतलेला. आत तक्त्याखाली माझी सही आहे. मी ती केली. न करता घरी जाता आलं असतं, मी करून घरी गेले.

तुमची नोंद मात्र चालू करून उपयोग नाही, म्हणून मागच्या रविवारी पेणला तुमच्या घरी काकूंकडे गेले. त्या अजून त्याच घरात आहेत, गुडघे दुखतात, दिसतं कमी. त्यांना सगळं सांगायचं, रजिस्टरातल्या पानाची नक्कल द्यायची, असं ठरवून गेले होते. नक्कल पर्समध्ये होती. त्यांनी पोहे केले, शेजारी बसून वारा घातला, आणि तुमच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "माणूस चांगला होता गो, पण धमक नव्हती. रोह्याला गेले, आले, नि गप बसले. जरा जाऊन भांडले असते तर लागली असती नोकरी. तीस वर्षं मी हेच बोलत आले त्यांना, जिवंत होते तेव्हाही."

मी काही बोलायला पाहिजे होतं. नक्कल काढायला पाहिजे होती. पण त्यांना हे कळलं तर त्या इतकी वर्षं तुम्हाला काय काय बोलल्या ते सगळं त्यांना एकटीने परत ऐकावं लागलं असतं, असं मी मनात म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. खरं कारण असं की त्यांनी विचारलं असतं, तू होतीस ना तिथे? घरी येऊन हे लिहायला बसले, आणि हे घालायला पाकीट घेतलेलं नाही. सर, काकू तसं म्हणाल्या तेव्हा मी पोह्यांची बशी हातात घेऊन मान हलवली आणि म्हटलं, "हो ना काकू. सर जरा गप्पच होते."