उजेडाकडे सरकणारे ठिपके

कुरुंदा, बुधवार, ७ मे १९४१

आज काशीबाईंच्या घरी अर्धा पेला पाणी प्यायले. बारवेचं पाणी फडक्यातून गाळूनच प्या, असं या गावाला महिनाभर मीच सांगते आहे. म्हणून निर्धास्त प्यायले. मग सवयीनं पेला उन्हात धरला. बारीक पांढरे ठिपके उजेडाच्या बाजूला सरकले. पेला फिरवला, तर पुन्हा उजेडाकडेच वळले. गाळ असा पोहत नाही. हे किडे. नारूचं बीज यांच्याच पोटात असतं.

"काशीबाई, गाळलं नव्हतं?"

"रोज गाळते की! पर तुमी दवाखान्याच्या बाई. माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंधीतून तुमाला कसं गाळून देऊ? थेट बारवेतलं ताजं आणलं."

किती कौतुकानं सांगत होत्या. रागावता आलं नाही.

प्रत्येक किड्यात नारू नसतो, हे मला ठाऊक आहे. पेल्यात सात ठिपके उरले होते. प्यायले त्यात किती?

नारूचा दोऱ्यासारखा लांब जंत पायातून बाहेर यायला वर्ष लागतं. तोवर औषध नाही. रोग्यांना मी शांतपणे म्हणते, "वाट बघा." आज दार लावून तेच स्वतःला म्हणायला गेले. म्हणण्याऐवजी रोग्यांच्या वहीत स्वतःचं नाव आणि आजची तारीख लिहिली.